दुकानाबाहेरच्या दुर्बिणी

शारजातल्या एका शिकारी सामानाच्या दुकानात अनुपमा कुलथे दुर्बिणींचं काउंटर सांभाळते, पण विक्री करते दुकानाबाहेर. शटर वर गेलं की ती आधी सावलीत लाकडी स्टूल मांडते आणि त्यावर तीन-चार दुर्बिणी ठेवते. त्या बाहेरच्या हवेइतक्या गरम झाल्या की मगच गिऱ्हाइकाच्या हातात देते. दुर्बीण एसीतून थेट बाहेर नेली तर इथल्या दमट हवेत काचेवर लगेच वाफ धरते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, वस्तूच खराब.

मॅनेजर अर्श दिल्लीचा. तो तिला चिडवतो, "मॅडम, लोक गिऱ्हाइकाला गारव्यात बसवून चहा देतात. तुम्ही त्याला घाम फोडता."

"घाम पुसून परत येतात ना?"

"येतात. म्हणून तर मी गप्प आहे."

अनुपमानं पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला आणि भोसरीच्या एका कारखान्यात जमीन मोजायची यंत्रं जुळवली. मग नवऱ्याला, गुणवंतला, दुबईत नोकरी लागली, भाडं कमी म्हणून घर शारजात घेतलं. मुलासाठी, वेदांगसाठी, दुर्बीण घ्यायला ती या दुकानात आली आणि पहिलीच दुर्बीण तिनं परत केली. तिच्या दोन नळ्या एका दिशेला बघत नव्हत्या. अर्शनं तिला दुसरी दुर्बीण दिली आणि त्याबरोबर नोकरीही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये एमान आली. शेजारच्या उम्म अल कुवैनची, कॉलेजात शिकणारी, हिंदी छान बोलणारी, अनुपमाला खाला, म्हणजे मावशी, म्हणणारी. आत येताच तिनं कपाटातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीवर बोट ठेवलं.

"खाला, ती वीसपट जवळ दाखवणारी. माझ्या भावाकडे तशीच आहे."

"कशासाठी हवीय?"

एमाननं सांगितलं. वडिलांनी तिला ससाणा दिला होता, पण अट घातली होती. शुक्रवारी पहाटे तिनं तो एकटीनं उडवायचा, नजरेत ठेवायचा आणि परत आणायचा. जमलं नाही तर पक्षी भावाकडे जाणार.

"त्याच्या पाठीवर ट्रान्समीटर असतो ना?" अर्शनं विचारलं.

"त्यावरून पक्षी कुठल्या दिशेला आहे एवढं कळतं. झुडपात बसलाय, की दुसऱ्या पक्ष्याशी भांडतोय, ते थोडंच कळतं? आणि बाबा म्हणतात, डोळ्यांनी सांभाळता येत नसेल तर पक्षी पाळू नये."

"बजेट किती?"

"दोन हजार दिरहम. माझे स्वतःचे आहेत."

"म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीस हजार रुपये," अनुपमा सवयीनं पुटपुटली. "पुष्कळ झाले. चल बाहेर."

समोरच्या इमारतीच्या टाकीवर कबुतरं बसली होती. अनुपमानं आधी मोठी दुर्बीणच तिच्या हातात दिली. "एक कबूतर धर. ते उडालं की सोडायचं नाही."

एमाननं कबूतर धरलं. ते तिच्या हाताबरोबर थरथरत होतं. गच्चीवरच्या तापल्या हवेत त्याच्या कडा पाण्यासारख्या हलत होत्या. कबूतर उडालं आणि एमान रिकाम्या आभाळात त्याला शोधत राहिली.

"गेलं," ती म्हणाली.

"शुक्रवारी असंच जाईल. जितकं जवळ आणशील तितका हात हलेल, गरम हवाही तितकीच हलेल, आणि आभाळाचा तुकडा मात्र छोटा होईल. आता ही बघ. आठपट, पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची. पहाटेच्या अंधुक उजेडाला ही पुरते."

"लहान दिसतंय."

"लहान दिसू दे. दिसत राहिलं पाहिजे."

या वेळी कबूतर उडालं, वळलं, शेजारच्या गच्चीवर उतरलं आणि एमानची दुर्बीण त्याच्या मागोमाग गेली. ती हसली. आठपटीच्या दोन होत्या. अनुपमानं तिला उन्हात उभ्या असलेल्या विजेच्या काळ्या खांबाकडे बघायला लावलं. स्वस्त दुर्बिणीत खांबाला जांभळी किनार दिसत होती. दुसरीत खांब नुसता खांब होता. ती साडेसोळाशेची, आत नायट्रोजन भरलेली, म्हणजे भिंगांच्या आत कधी वाफ धरत नाही.

"आणि वर उरलेले?" एमाननं विचारलं.

"रुंद पट्टा घे. मान दुखली की माणूस दुर्बीण गाडीत ठेवतो."

अर्शनं बिल केलं. मोठी दुर्बीण कपाटात परत ठेवताना त्यानं उसासा टाकला.

गुरुवारी संध्याकाळी अनुपमा पोळ्या लाटत होती. वेदांग मॅचहून आला आणि एसीखाली उभा राहून चष्मा पुसू लागला.

"इट ऑलवेज फॉग्ज अप इन द पार्किंग," तो कुरकुरला. गाडीच्या एसीतून उतरताच काचांवर वाफ धरली होती.

अनुपमाच्या हातातलं लाटणं थांबलं. एमानला तिनं आतल्या वाफेचं सांगितलं होतं. बाहेरच्या काचेचं सांगितलंच नव्हतं. तिच्या दुर्बिणी रोज आधीच स्टुलावर असतात, म्हणून गिऱ्हाइकाला ती वाफ कधी दिसतच नाही आणि सांगायची वेळही येत नाही. पण उद्या पोरगी एसी लावून वाळवंटात जाणार, दुर्बीण शेजारच्या सीटवर, आणि पक्ष्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली की काचा पांढऱ्या.

तिनं अर्शकडून एमानचा नंबर घेतला, फोन केला. लागला नाही. मेसेज टाकला, तो पोचला नाही.

"कँपवर गेली असेल," गुणवंत म्हणाला. "तिथं कुठली रेंज. तू निवड नीट केलीस ना? मग झालं."

"निवड नीट आहे. नीट निवडलेली वस्तू माझ्यामुळे पाच मिनिटं आंधळी झाली तर?"

शुक्रवार, शनिवार मेसेजवर एकच टिक राहिली. अनुपमानं स्टूल नेहमीसारखं मांडलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाफेचं आधी सांगितलं.

रविवारी एमान आली. अनुपमानं नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "काच धुरकटली?"

"भावाची. त्याची गाडीत होती. तो पुसत बसला."

"आणि तुझी?"

"मी रात्रभर तंबूच्या दांडीला अडकवली होती. तुमच्या दुकानात सगळं आत असतं, खाला, फक्त दुर्बिणी बाहेर. मला वाटलं, यात काहीतरी असणार."

ससाणा उंटांच्या कुंपणापलीकडे, घाफच्या झाडामागे उतरला होता. उतरताना तिनं त्याला एकदाही सोडलं नव्हतं. सरळ चालत गेली आणि हातमोज्यावर घेऊन आली. पक्षी आता तिचाच.

तिच्या मागून पांढऱ्या पायघोळ अरबी झग्यातले, कंदुऱ्यातले, एक उंच गृहस्थ आत आले. एमानचे वडील. त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "मलाही तशीच दाखवा. पण जरा मोठी."

अर्शचे डोळे चमकले.

"मोठी आहे," अनुपमा म्हणाली. "आधी बाहेर या."