शाळा सोडण्याचं कारण

आमच्या गावच्या शाळेच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर विंडोज नाही, जुनं लिनक्स आहे, आणि ते बावीस वर्षांपूर्वी मीच घातलेलं आहे. तेव्हा मी जळकोटला नुकताच कॉम्प्युटर क्लास काढला होता आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी खात्री होती. जुन्या विद्यार्थ्यांचे दाखले छापायचा प्रोग्राम मी लिहिला आणि रजिस्टरातली नावंही मीच भरली. नवे दाखले आता ऑनलाइन निघतात. जुने मात्र अजून याच मशीनमधून, जाड पॅरलल केबलला जोडलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, करकर करत निघतात. मशीन अजून चालतंय याचा मला भारी अभिमान. घरी मी विषय काढला की बायको उठून स्वयंपाकघरात जाते.

दरवर्षी खंडेनवमीला शाळेत या मशीनची पूजा होते आणि पूजेचा मान माझा असतो. यंदाही मी हळदकुंकू लावलं, हार घातला, सढळ हातानं अक्षता वाहिल्या आणि नारळ घेऊन घरी आलो. दसऱ्याची सुट्टी संपली त्या सकाळी भाऊसाहेबांचा फोन आला. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे हेडक्लार्क, नियमाबाहेर रेघही न ओढणारे.

"सर, तुमचं मशीन रुसलंय. या लवकर."

गेलो तर ऑफिसातल्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. चाळिशी गाठलेल्या, मांडीवर कापडी पिशवी. माहेर इथलं, सासर माकणीचं. आठवीत शाळा सुटली होती आणि आता सतरा नंबरचा फॉर्म भरून त्यांना दहावीला बसायचं होतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, आणि तुळजापुरात फॉर्म द्यायचा आज शेवटचा दिवस होता. तीनची एसटी चुकली की वर्ष गेलं.

"हातानं लिहून द्या की," मी म्हणालो.

"हातानं लिहिलेला परत येतो," भाऊसाहेब म्हणाले. "म्या सतरांदा सांगितलंय, माणसाच्या अक्षरावर कुणाचा इस्वास न्हाई आता."

स्क्रीनवर इंग्रजीत एकच ओळ होती, प्रिंटरमधला कागद संपला आहे. प्रिंटरमध्ये दाखल्याच्या कोऱ्या फॉर्मची चळत होती.

"कागद तर हाय की सर."

"दिसतोय मला."

"तुमास्नी दिसतोय. त्याला दिसंना."

मी बाह्या सरसावल्या. केबल काढून फुंकर मारली, दोन्ही बाजूचे स्क्रू पिळून घट्ट केले आणि प्रिंट दिली. तीच ओळ. मशीन बंद करून चालू केलं, प्रिंट दिली. तीच ओळ. मग पोर्टच्या सेटिंगमध्ये शिरलो, ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला, काळ्या स्क्रीनवर भराभर कमांड मारल्या. त्यातल्या निम्म्या गरजेच्या होत्या, निम्म्या बाई बघत होत्या म्हणून. मी घाम पुसायला उठलो की भाऊसाहेब पुढं होऊन म्हणायचे, "थांबा, म्या एकदा दाबून बघतो." मध्येच मी विजेला दोष दिला, मग उंदरांना, मग मशीनवर चहाचा कप ठेवणाऱ्या भाऊसाहेबांना.

"सर, लई अवघड हाय का?" बाईंनी विचारलं.

"छे हो. दोन मिनिटं."

हे मी चौथ्यांदा म्हणालो तेव्हा एक वाजला होता. बाईंनी पिशवीतलं फडकं सोडलं आणि भाकरीवर शेंगाची चटणी ठेवून माझ्यापुढं धरली. काम अडवून बसलेल्या माणसाला कुणी जेवू घातलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तो माणूस मीच होतो.

मी खात होतो तेवढ्यात बाई प्रिंटरच्या मागच्या बाजूनं वाकून बघू लागल्या.

"इथं लालसर काय अडकलंय?"

कागद आहे की नाही हे ओळखायला प्रिंटरच्या मागं एक बारीकशी पट्टी असते. कागद आला की ती दबते. बाईंनी केसातला आकडा काढला, शिलाई मशीनमध्ये गुंतलेला दोरा काढावा तसा आत घातला आणि एक दाणा बाहेर काढला. कुंकवात माखलेला तांदूळ. पट्टीला तो दबूच देत नव्हता. भाऊसाहेबांनी दाणा तळहातावर घेतला, मग माझ्याकडं बघितलं.

"सर, अक्षता कुणी वाहिल्या व्हत्या?"

मी भाकरीचा घास चावत राहिलो.

प्रिंटर करकरला आणि दाखला आला. त्यामागं दुसरा आला, मग तिसरा. सकाळपासून आम्ही जितक्या वेळा प्रिंट दिली होती ती सगळी मशीननं इमानदारीनं रांगेत लावून ठेवली होती. क्रमांक छापलेले फॉर्म भराभर वाया चाललेले बघून भाऊसाहेब ओरडत होते. मी रांग तोडेपर्यंत अकरा दाखले झाले होते.

बाई हसत नव्हत्या. पहिला दाखला हातात धरून वाचत होत्या.

"वडिलांच्या विनंतीवरून," त्या म्हणाल्या. "शाळा सोडण्याचं कारण. हे कुणी लिहिलं?"

मीच लिहिलं होतं. रजिस्टरात तो रकाना बऱ्याच जणांचा मोकळा होता. मोकळी जागा छापून वाईट दिसते म्हणून मी सगळ्यांनाच ते एक वाक्य घालून दिलं होतं. तसं मी त्यांना सांगितलं.

"आमच्या वडलांनी, दादांनी, इनंती केली व्हती, पर पोरीला ठिवून घ्या म्हणून. हेडमास्तरांम्होरं हात जोडले व्हते. आई हातरुणाला खिळली व्हती. म्याच घरी बसले. दादा दोन म्हैने माझ्यासंगं बोलले न्हाईत. आता ते न्हाईत, आन कागद म्हणतोय त्यांनीच शाळेतनं काढली."

मला लाज वाटली. उंदरांवर ढकलता येईल असं काही उरलं नव्हतं.

भाऊसाहेब उठले. कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, पान काढलं. रकाना मोकळाच होता. नियमांची एवढी आवड असलेला माणूस पेनाचं टोपण काढून म्हणाला, "सांगा ताई, काय लिहू?"

"आईच्या आजारपणामुळं." त्या थांबल्या. "आन स्वतःहून, असं बी लिहा."

भाऊसाहेबांनी लिहिलं, सही केली. मी मशीनमध्ये तसंच भरलं आणि बारावा दाखला छापला. बाईंनी तो पिशवीत ठेवला आणि एसटी गाठली.

मग भाऊसाहेबांनी मला शिक्का दिला आणि मी अकरा दाखल्यांवर 'रद्द' मारत बसलो. अकरा वेळा ते वाक्य वाचलं. बावीस वर्षांत हे वाक्य किती घरांत गेलं असेल, आणि त्यातलं किती जणांच्या बापाबद्दल खोटं असेल, मला माहीत नाही.

ते वाक्य मी प्रोग्राममधून काढलं. आता त्या रकान्यापाशी मशीन थांबतं आणि कारण विचारतं. भाऊसाहेब कुरकुर करतात, समोरच्याला इचारत बसावं लागतं, लई वेळ जातो म्हणतात.

मी म्हणतो, दोन मिनिटं लागतात.