काउंटरवरची पाच हेल्मेटं

मंडळी, आज मी दिलेला शब्द मोडला.

कॉलेजच्या कोपऱ्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कागलकडनं गाडीवर येणारी पाच पोरं सकाळी एकेकटी येऊन माझ्याकडं हेल्मेट ठेवून जातात. "काकू, कुणाला सांगू नका. भित्रा म्हणून चेष्टा करत्यात." मग दिवसभर उघड्या डोक्यानं गावभर.

पाचही जण एकाच ग्रुपमधले! आणि प्रत्येकाला वाटतं, भित्रा मी एकटाच.

आज दुपारी सगळी एकत्र झेरॉक्सला आली. मला राहवेना. पाचही हेल्मेटं काउंटरवर मांडली. "घ्या रं, ज्याचं त्यानं."

कुणी हात लावेना. शेवटी चेष्टा करण्यात सगळ्यात पुढं असणाऱ्यानंच मान खाली घालून लाल हेल्मेट उचललं.

"आयला, तू बी?"

मग जो हशा पिकला! जाताना पाचही डोक्यांवर हेल्मेट होतं. उद्याचं काय ते उद्या.

त्यांना काय बोलू? "गल्लीत कुठली बाई घालते?" म्हणत माझंच हेल्मेट वर्षभर स्कूटीच्या डिकीत होतं. आज घालून घरी आले. कुणी हसलं न्हाय की!

तुमचं कुठं लपवलंय?