पडायला शिकवणाऱ्या बाई

सर्कसच्या शाळेत उडायला शिकवणारे तीन मास्तर होते आणि पडायला शिकवणाऱ्या एकट्या बाई. उडणाऱ्यांचे फोटो भिंतीवर लागायचे. बाईंच्या वाट्याला गाद्या. निळ्या, घामट वासाच्या, शिवण उसवलेल्या अठरा गाद्या. त्यातली एक जरी कोणी पायाने सरकवली, तरी बाई अशा ओरडायच्या की वर झुल्यावर लोंबकळणारा पोरगा दचकून आपोआप खाली यायचा.

बाईंना राग यायचा असं म्हणणं चूक. राग त्यांच्याकडे कायमचा राहायला होता, येण्याजाण्याचा प्रश्नच नव्हता. सकाळी सहाला हॉलचं कुलूप उघडताना त्या आधी कुलपावर रागवायच्या. वयाच्या नवव्या वर्षापासून तीस वर्षं फिरत्या सर्कशीतला झुला आणि मोडलेली अकरा हाडं, एवढंच त्यांचं शिक्षण. नव्या पोरांना पहिले तीन महिने त्या नुसत्या पाडायच्या. पुढे, मागे, कुशीवर. आणि पडता पडता पोराने ओरडून सांगायचं, की हात मोडला तर घास कोण भरवणार. "आई!" करत पोरं कोसळायची. एकदा एकजण "बायको!" म्हणाला.

"कुठंय ती?"

"मिळेल की, बाई."

त्याला चाळीस वेळा जास्त पाडलं.

सगळ्यांत तयार मुलगी म्हणजे काडी. अंगावर मांस नाही आणि तोंडात उलट उत्तर नाही. पडली की खांद्यावरून गोल फिरून उभी. कोण पडलं ते जमिनीलाही कळायचं नाही.

त्या वर्षी कलामहोत्सवात शाळेच्या सहा मुलांच्या नाटकाचे पाच प्रयोग लागले आणि त्यासाठी बाहेरून एक दिग्दर्शक आणला गेला. प्रयोग पन्नास मिनिटांचा. विदूषक नाही, बँड नाही, टाळीला जागा नाही. मुलं डोक्यावर खुर्च्या घेऊन सावकाश चालायची, एकजण दहा मिनिटं भिंतीला टेकून उभा राहायचा. "तेवढं तर आमचा वॉचमनही करतो," बाई म्हणाल्या, "त्याला कोणी तिकीट लावत नाही." शेवटी काडी आठ फुटी शिडीवरून पडायची. बाईंच्या मते नाटकात अक्कल होती ती तेवढीच.

पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी, नाट्यगृहातल्या कपडे बदलायच्या खोलीत, बाईंना काडीच्या कमरेवर तळहाताएवढा जांभळा डाग दिसला.

"हे काय?"

"काही नाही, बाई."

"मी शिकवलेल्या पडण्यात तिथं जमीन लागतच नाही. कोणी पाडलं तुला?"

मग सगळं बाहेर आलं. दिग्दर्शकाने शेवटची कोलांटी काढून टाकली होती. गादीही. म्हणे त्यामुळे पडणं फार सुंदर दिसतं. त्याला खरं पडणं हवं होतं, उघड्या फळ्यांवर, पाठीवर, धप्प. आणि काडी हो म्हणाली होती, कारण एका मोठ्या सर्कस कंपनीची माणसं निवड करायला पहिल्या रांगेत बसणार होती.

बाई तशाच स्टेजवर गेल्या.

"मॅडम," दिग्दर्शक समजुतीने म्हणाला, "प्रेक्षकाच्या पोटात गोळा आला पाहिजे. तंत्र दिसलं की सत्य मरतं."

"तुम्हाला पडायचं तंत्र येतं?"

"छे, मला कुठून येणार?"

"म्हणजे सत्य सगळं तुमच्याकडेच. चढा शिडीवर."

माणूस मानी होता. पाचव्या पायरीपर्यंत चढला.

"आता सोडा."

"एक मिनिट."

मिनिटाची चार झाली. डोकं सोडायला तयार होतं, बोटं ऐकेनात. बोटं जास्त शहाणी होती. शेवटी तो एकेक पायरी चाचपत खाली आला, शर्ट नीट केला आणि म्हणाला, "माझं काम बघण्याचं आहे, पडण्याचं नाही. शेवट बदलणार नाही."

बाई वळल्या त्या विंगेत उभ्या असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकाकडे. हा एकेकाळी झुल्यावर बाईंचे हात झेलणारा गडी.

"अगं, पत्रिका छापून झाल्यात," तो म्हणाला. "ऐन वेळी काय सांगायचं लोकांना?"

"अठरा वर्षांत दोनदा हात सोडलास माझा. तेव्हा म्हणालास, तळव्यांना घाम होता. आज कशाला घाम आलाय?"

बोलली ती बाईंच्या मागोमाग आलेली काडी.

"बाई, मी पडणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी."

शिडीच मोडून टाकावी असं बाईंच्या मनात आलं. शिडी लोखंडी होती. त्यांनी काडीचं मनगट धरलं, तिला शाळेत नेलं आणि हॉलला आतून कडी घातली. त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणालातरी वाईट पडायला शिकवलं.

"टाच घसरू दे. मूर्खासारखी! तिसऱ्या पायरीला गुडघ्यामागची लवण अडकव, वेग तिथं टाकून दे. मग पोटरी, मांडी, खांद्याचा फरा. हनुवटी छातीशी. आणि हात फळीवर आपट. आवाज फळीचा यायला हवा, हाडाचा नाही!"

काडीचं अंग सवयीने गोल व्हायचं. "छान पडू नकोस, भवाने!" बाई किंचाळायच्या. शेवटी छप्पन्न वर्षांचं अंग घेऊन त्या स्वतः वर चढल्या आणि बटाट्याचं पोतं सुटावं तशा खाली आल्या. उठल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. काडीला वाटलं, लागलं. लागलं नव्हतं. जी घाण त्यांनी वर्षानुवर्षं पोरांच्या अंगातून घासून काढली, ती आज आपल्या हाताने चोपडावी लागत होती, याचा तो संताप होता.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृह भरलं. काडीची टाच घसरली, शिडी खडखडली, पोरगी पायऱ्यांवर आदळत फळ्यांवर पडली. धप्प! तिसऱ्या रांगेतली एक बाई किंचाळली, एक गृहस्थ उभाच राहिला. विंगेत बाई पुटपुटत होत्या, टाच, लवण, पोटरी, मांडी, फरा. सगळं जागच्या जागी आलं होतं.

पडदा पडताच दिग्दर्शक आत धावला. त्याचे डोळे भरले होते.

"पाहिलंत, मॅडम? तंत्राचा मागमूस नाही! हे खरं पडणं. हे शिकवता येत नाही!"

बाईंनी तोंड उघडलं. एवढ्या वर्षांच्या शिव्या दाताशी येऊन उभ्या राहिल्या. पण अजून चार प्रयोग बाकी होते. याला कळलं, तर उद्या हा लवण काढेल, परवा मांडी. बाईंनी तोंड मिटलं. कान लालभडक झाले. त्या काडीच्या मागे गुडघ्यांवर बसल्या आणि मानेपासून खाली तिचा एकेक मणका दाबू लागल्या. वर दिग्दर्शकाचं सत्यावर चालूच होतं.

"इथं दुखतंय?"

"नाही."

"इथं?"

"तुमचं बोट खुपतंय तिथं." मग काडी हळूच म्हणाली, "बाई, कशी पडले?"

"घाण," बाई दात आवळून म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा मणका दाबला.