जास्तीचं वाक्य

आळेफाट्यावरचा आमचा डीटीपीवाला प्रत्येक ओळ आधी पुटपुटतो, मगच बोटं चालवतो. मी दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी कादंबऱ्या लिहितो. माझा पहिला वाचक मात्र हा पन्नाशीचा गृहस्थ, आणि माझ्या एकाही विनोदाला तो आजवर हसलेला नाही.

या खेपेला माझी नायिका बिबट्याच्या पिल्लामागे उसात शिरते. प्रूफ आलं, तर त्यात एक वाक्य जास्तीचं: ‘पण आई हाक मारत व्हती, म्हणून ती माघारी फिरली.’

मी लाल पेनानं ‘व्हती’चं ‘होती’ केलं, मग अख्खं वाक्यच खोडलं. पुढच्या प्रुफात ते पुन्हा हजर.

“अहो, ती माघारी फिरली तर माझी पुढची नव्वद पानं कोण चालणार?”

“तेवढं राहू द्या ना, भाऊ.”

“मुलांना साहस लागतं, राव! तुमच्या मुलीलाच विचारा. वाचते ना ती?”

त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “लई वाचायची. पाचवीत व्हती.”

“होती,” मी सवयीनं शुद्ध करून दिलं.

“हां. होती,” तो म्हणाला. “उसाकडं गेली तवा आमी कुणी हाक न्हाई मारली.”

चष्मा लावून तो पुढची ओळ पुटपुटू लागला.

ती नव्वद पानं रद्दीत गेली. ते वाक्य तसंच छापलंय, ‘व्हती’सकट.