शाळेच्या छपराची वाचलेली रक्कम

पन्नासच्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी मी शाळेत मास्तर होतो आणि ग्रामपंचायतीची चिटणिशीही माझ्याकडेच होती. गावातली बरीच माणसं मुंबईला गिरणीत. सगळी चाळीतल्या एकाच गाळ्यात राहायची आणि पगार झाला की गावासाठी वर्गणी काढायची. त्या वर्षी त्यांनी शाळेच्या छपराचा सगळा खर्च मनिऑर्डरीनं धाडला.

छपरासाठी पंचायतीनं आपली रक्कम आधीच मंजूर केली होती. ती वाचली. मी कामांच्या यादीत पुढचं काम पाहिलं : पाटापलीकडच्या वस्तीला आड. कालव्याची पाळी संपून पाट कोरडा पडला की तिथल्या बायका डबक्यातलं पाणी फडक्यानं गाळून भरत. त्या उन्हाळ्यात वस्तीवरची दोन पोरं हगवणीतून कशीबशी वाचली होती.

सभेत सरपंच तात्या म्हणाले, "त्या पैशाची येशीपाशी कमान बांधू. मुंबईकर जत्रंला यायचं हायती."

"तात्या, आड यादीत आधी आहे."

"तुमची यादी ऱ्हाऊ द्या, मास्तर. वस्तीवरला एक तरी गडी मुंबईला हाय का? ज्यांनी धाडलं त्यांचं नाव दिसाय पायजे."

वस्तीवरची एक म्हातारी दाराशी उभी होती. "नाव वाचून तहान भागती व्हय, तात्या?"

सगळे हसले. तात्यांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला.

कमान मुंबईकरांसाठी, तर मग त्यांनाच विचारायचं, असं मी ठरवलं. त्याच दिवशी गाळ्याच्या पत्त्यावर कार्ड टाकलं : छप्पर झालं. पंचायतीची रक्कम वाचली. तिची कमान करायची की वस्तीला आड?

उत्तर सभेच्या आधी आलं. मी ते आधी कुणाला दाखवलं नाही. सभेत उभा राहून वाचलं : "आमी हितं गिरणीत साच्यावर उभं ऱ्हातो, ते वस्तीवरची माणसं आमची रानं बघत्यात म्हणून. ती आजारी पडली तर आमाला खाडं करून गावाला यावं लागंल. कमान बांधली तर पुढल्या साली वर्गणी न्हाय."

तात्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "समद्यांनी अंगठं दिल्यात व्हय?"

"सह्या आहेत, तात्या. आपल्याच शाळेत शिकलेत."

"मग लिवा ठराव."

ठराव मी लिहूनच आणला होता. सह्या तिथल्या तिथं घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवर जाऊन जागा आखली. खाली खडक लागला, सुरुंग लावावे लागले. रक्कम सरली तेव्हा वस्तीनं स्वतःच पहारी धरल्या. पाणी लागलं ते पुढच्या उन्हाळ्यात, पाट बंद असताना.

तात्या बघायला आले. म्हातारीनं घागर ओढली आणि त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"गोडं हाय," ते म्हणाले आणि पुन्हा ओंजळ पुढे केली.