बिनपायाचं काउंटर

दादानं अंबड रोडला हॉटेल बांधलं, तेव्हा रिसेप्शनचं काउंटर आणि लॉबी मी करतो म्हणून मीच पुढं झालो. मी घरांचे नकाशे काढतो. संडास ईशान्येला येऊ न देणं हे माझं मुख्य कौशल्य. त्यामुळं लॉबी म्हटल्यावर अंगातच आलं.

आत आल्याबरोबर माणूस थबकला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. म्हणून विटांच्या ओट्यावर काळ्या ग्रॅनाईटची जाड फरशी टाकली आणि ती चांगली हातभर पुढं काढली. समोरून ना पाय, ना टेकू.

दादा वाकून खाली बघायचा. "पाय कुठंय रे याला?"

"तेच तर डिझाईन आहे, दादा."

"बराबर. पडलं की तेही डिझाईनच म्हणशील."

उद्घाटनाच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. काचेतून तिरपं ऊन फरशीवर आलं होतं. कॉम्प्युटरच्या वायरींसाठी मी फरशीला भोक पाडायला लावलं होतं, आणि ते नेमकं ओटा संपतो त्याच रेषेवर. त्या भोकापासून केसाएवढी एक रेघ निघालेली दिसली. दगडाची नस असेल, म्हटलं. नख फिरवलं. नख अडकलं.

म्हणजे नस नव्हे, भेग होती. तेवढ्यात गाड्या आल्या, माणसं आली. दादा नवा रेशमी कुर्ता घालून सगळ्यांना हात जोडत होता. त्या चेहऱ्याला काय सांगणार? पूजा होऊ दे, मग सांगू. तोवर फरशीखाली कुणी येऊ द्यायचं नाही, असं ठरवलं आणि दोन मोठ्या कुंड्या ओढून तिथं आडव्या लावल्या. पाच मिनिटांत वहिनीनं त्या हलवल्या. "भावजी, फुलं काय अंधारात ठेवायची असतात?"

आणि मोकळ्या झालेल्या त्या जागेत आई येऊन बसली. सोफे पाहुण्यांचे, आपण खाली बसायचं, हा तिचा कायदा. पाठ ओट्याला, पाय पसरलेले, डोक्यावर बरोबर माझी फरशी. शेजारी मावशी विड्याची पानं पुसत होती.

"आई, सोफ्यावर बस ना."

"त्या सोफ्यात माणूस बुडतंय. इथं कसं गार लागून राह्यलंय."

"इथून ऊठ गं."

"गुडघे तुझे हाईत का माझे?"

तिला धरून ओढावं म्हणून वाकलो, तोच मागून थोरल्या काकांचा आवाज आला. त्यांच्या हातात नारळ होता. "उंबरा कुठंय?"

उंबरा नव्हता. चाकाच्या बॅगा अडू नयेत म्हणून मीच ठेवला नव्हता.

"दाराला उंबरा न्हाई? मंग नारळ काय तुझ्या डोक्यावर फोडू?" काकांनी सगळी लॉबी न्याहाळली आणि त्यातला सगळ्यात टणक दगड हेरला. ते काउंटरकडं निघाले.

"काका, बाहेर पायरीवर फोडा!"

"पायरीवर चपलांचा ढीग पडलाय. मुहूर्त चाललाय, सरक."

 काकांचा हात वर गेला आणि मी आईशेजारी घोड्यासारखा ओणवा झालो, पाठ फरशीला लावली. पहिला दणका माझ्या मणक्यातून गेला. नारळ फुटला नाही. दुसऱ्याला फुटला आणि वायरीच्या भोकातून त्याचं पाणी माझ्या कॉलरमध्ये उतरलं. त्याच वेळी वर 'टक्' झालं. करवंटीचं का दगडाचं, देव जाणे.

"काय हरवलं रे?" आई म्हणाली.

दादा वाकला. शिवी त्याच्या ओठावर होती, पण माझं तोंड बघून तो थांबला.

"फरशीला भेग गेलीय," मी पुटपुटलो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. "अंगठी पडलीय, अंगठी!" असं लोकांना सांगत तो रेशमी कुर्त्यानिशी फरशीखाली शिरला आणि खांदा लावला.

"पडंल?"

"माहीत न्हाई."

"तुला माहीत न्हाई तर कुणाला? आई, आरतीला चल. जल्दी."

मावशी पानं गोळा करून सरकली. आईनं इकडं तिकडं आधार शोधला, आणि दोन्ही हात वर करून फरशीची कड धरली. सगळा भार टाकून ती उठायला लागली. तो भार माझ्या पाठीवर आला. दादाचा श्वास ऐकू येईनासा झाला. मी डोळे मिटले.

आई उठली. पदर सारखा करून आरतीला गेली.

"सोडू का आता?" मी विचारलं.

"नको. माणसं हाईत." दादानं तिथूनच कुणाला तरी टेकूसाठी लोखंडी पाइप आणायला पिटाळलं.

आरती संपली. पाहुणे वाकून बघत होते, अंगठी सापडली का विचारत होते. पाइपचा अजून पत्ता नव्हता. तेवढ्यात आई शिऱ्याच्या दोन वाट्या घेऊन आमच्याच दिशेनं यायला लागली.

"आई, इकडं येऊ नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

 आई होती तिथंच उभी राहिली. "न्हाई पाह्यजे तर न्हाई म्हणा," ती म्हणाली. "वरडायला काय झालं?"