हिराजीकाकांनी तोललेलं खाद्य

हिराजीकाका उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करायचे. आत माणूस कोणीच नसे. "एकदम दार उघरलं का बिचकतान," म्हणायचे.

भिवंडीजवळ पूर्ण्याला, गोदामांच्या रांगेत आमची छोटी प्रयोगशाळा होती. मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या उंदरांवर आम्ही एक औषध तपासत होतो. आजारी मूत्रपिंडाला रक्तातलं जास्तीचं फॉस्फेट बाहेर टाकता येत नाही. हे औषध खाण्यातलं फॉस्फेट पोटातच धरून ठेवतं. त्याने मूत्रपिंडही वाचतं का, हा आमचा प्रश्न. उंदरांची देखभाल काकांकडे. पूर्ण्याचेच आगरी, साठीकडे झुकलेले. मुलगी लग्न होऊन लांब, बायको मूत्रपिंडाच्याच आजाराने गेलेली. तिलाही असल्याच गोळ्या होत्या, एवढंच एकदा बोलले होते. दुपारी आम्ही सगळे एकत्र जेवायचो. काका डबा घेऊन मागच्या जिन्यावर बसत. बोलावलं तर "मना सवय हाय" म्हणत.

पहिले निकाल आले. औषधवाल्या उंदरांची मूत्रपिंडं खरंच चांगली राहिली होती. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी अहवाल लिहायला घेतला. काकांना आनंद होईल म्हणून मी धावत सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि फळीवरून एक वही काढून दिली. पिंजऱ्यात उरलेलं खाद्य ते रोज तोलून लिहून ठेवत. हे काम त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

"बाय, औषधवाले कमी खातान. पयल्या आठवड्यापासून."

कमी खाल्लं तर फॉस्फेटही पोटात कमीच जाणार. मग मूत्रपिंडं वाचवली कशाने, औषधाने की अर्धपोटी राहण्याने? सर चिडले. असल्या वहीपायी इतक्या महिन्यांचं काम थांबवायचं का, म्हणाले. काका जागचे हलले नाहीत.

"तुमी लिवाल, कोनीतरी वाचल, आन आपल्या मानसाला देल. परत बघा."

आम्ही परत बघितलं. या वेळी आणखी एक गट ठेवला. त्याला औषध नाही, पण खाद्य औषधवाले खातील तेवढंच. त्या उंदरांची मूत्रपिंडंही जवळजवळ तितकीच टिकली. औषधाचा वाटा थोडाच निघाला. तसाच अहवाल गेला. पुढच्या कामाला मंजुरी मिळाली नाही आणि खोली बंद करायची ठरली.

शेवटच्या दिवशी रिकामे पिंजरे धुताना मी विचारलं, खाद्य तोलायचं तुम्हाला सुचलं कसं? पाणी ओतता ओतता ते म्हणाले,

"गोल्या चालू झाल्या आन हिचं फॉस्फेट उतरलं. डाक्तर खूश, मी खूश. मी ड्युटीवर, ती घरान एकटी. सांगाची, जेवले. गेल्यावर शेजारीन बोलली, ती जेवतच न्हवती."

त्यांनी शेवटचा पिंजरा उपडा घातला, हात पुसले आणि ट्रकांच्या मधून वाट काढत घराकडे निघाले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

आता मी डायलिसिसच्या रुग्णांमध्ये काम करते. कुणाचा फॉस्फेटचा आकडा एकाएकी सुधारला, तर मी लगेच शाबासकी देत नाही. घरी जेवताना सोबत कोण असतं, ते आधी विचारते.